खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी काळी वाळू घ्यावी का?

कोलशेतकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

गेली सहा वर्षे माझ्याकडे गोड्या पाण्याची, वनस्पती लावलेली टाकी आहे. तिच्या तळाशी पहिल्या दिवसापासून काळी वाळू आहे आणि त्या काळ्या तळावर निऑन टेट्राची निळी रेघ जशी उठून दिसते तशी ती पांढऱ्या वाळूवर दिसत नाही, हे मी मित्रांच्या टाक्या पाहून जाणतो. आता खाऱ्या पाण्याची पहिली टाकी सुरू करायची आहे. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी आणि तिच्याखालचा संप (पाणी गाळण्यासाठीची खालची टाकी) बनून आला असून सध्या दोन्ही बैठकीच्या खोलीत कोरडे उभे आहेत. घरातल्या मंडळींनी टाकीवर वर्तमानपत्रांची चळत रचायला सुरुवातही केली आहे, म्हणून निर्णय लवकर व्हावा अशी इच्छा आहे. मासे मोजकेच ठेवणार आहे: क्लाउनफिशची एक जोडी, एक पिवळी वॉचमन गोबी आणि तिच्या जोडीला पिस्टल कोळंबी.

मला वाळू काळीच हवी आहे. पांढऱ्या वाळूवर पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे तपकिरी शेवाळ पसरते ते डोळ्यांना फार खुपते, आणि आमची खोली उजेडाची असल्यामुळे पांढरा तळ दिवसा अगदी भगभगीत दिसेल असेही वाटते. परंतु चौकशी केली तेव्हा माझ्यासमोर तीन पर्याय आले आणि तिघांविषयी तीन ठिकाणी तीन मते ऐकायला मिळाली.

पहिला पर्याय म्हणजे कुर्ल्याच्या बाजारात मिळणारी, सागरी टाकीसाठीच बनवलेली परदेशी वाळू, जी पांढऱ्या वाळूपेक्षा बरीच महाग पडते. दुसरा पर्याय घराजवळच्या एका दुकानातल्या सुट्या काळ्या वाळूचा आहे. तिच्या गोणीवर काहीही छापलेले नाही, दर मात्र किलोला चाळीस रुपये आहे आणि दुकानदार ती "दोन्ही पाण्यांना चालते" असे सांगतो. तिसरा पर्याय माझ्या मेहुण्यांनी सुचवला. ते रत्नागिरीचे आहेत आणि पुढच्या महिन्यात गाडीने येताना त्यांच्या गावच्या पुळणीवरची काळी वाळू दोन पोती भरून आणतो म्हणतात. ती वाळू समुद्रातलीच असल्यामुळे खाऱ्या पाण्याला तिच्याहून योग्य दुसरी कोणती असणार, असा त्यांचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद आहे.

काळी वाळू पाण्याचा पीएच सांभाळत नाही, तिच्यातल्या लोहामुळे शेवाळ वाढते आणि ती उन्हाळ्यात पाणी तापवते, असेही ऐकले. यातले खरे किती आणि ऐकीव किती, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

ऐरोलीकर

मी चार वर्षे काळ्या वाळूची सागरी टाकी ठेवली आहे आणि आजही ती चालू आहे, त्यामुळे आपला विचार मोडून काढण्यासाठी हे लिहीत नाही. आपण विचारलेल्या तीन शंकांपैकी एकही मला फारशी गंभीर वाटत नाही, मात्र जी खरोखर गंभीर आहे ती आपल्या यादीत नाही, आणि ती म्हणजे चुंबक.

काळ्या वाळूचा काळा रंग बहुतेक वेळा ज्वालामुखीच्या खडकातून येतो आणि त्या खडकात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहचुंबकी खनिजाचे कण असतात. आपण काच आतून घासण्यासाठी जो मॅग्नेट क्लीनर वापरतो, त्याला हे कण जाऊन चिकटतात. माझ्या टाकीच्या तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, मी तो क्लीनर नेहमीच्या सवयीने वाळूपासून दोन बोटे वरून आडवा फिरवला आणि तांदूळ खाताना दाताखाली खडा यावा तसा बारीक आवाज झाला. मी हात थांबवला तोवर समोरच्याच काचेवर वीतभर लांबीचा ओरखडा उमटला होता. दिवसा तो दिसत नाही, पण संध्याकाळी टाकीतले दिवे लागले की पाण्यात केस तरंगावा तसा चमकतो आणि पाहुण्यांची नजर नेमकी तिथेच जाते. अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची, पांढरी वाळू मोहसच्या काठिण्य मापनश्रेणीवर साडेतीन ते चारच्या घरात येते आणि काच साधारण साडेपाचच्या आसपास, म्हणून पांढरा कण क्लीनरखाली सापडला तरी तो स्वतःच झिजतो. मॅग्नेटाइट साडेपाच ते साडेसहा असते. गारेची (क्वार्ट्झची) वाळू तर सात असते, परंतु ती निदान चुंबकाच्या मागे धावत काचेपर्यंत येत नाही.

दुसरी गोष्ट पंपाची. संपमधून पाणी वर आणणारा रिटर्न पंप, टाकीत प्रवाह करणारा वेव्हमेकर, फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचा पंप या सर्वांच्या इम्पेलरमध्ये, म्हणजे फिरत्या पात्यांत, चुंबकच बसवलेले असते. वाळू उडाली की हे कण त्याच्या खोबणीत जाऊन बसतात आणि पंप आधी घरघरतो व नंतर झिजतो. मी पहिल्या वर्षी एक वेव्हमेकर असाच गमावला. उघडून पाहिले तर इम्पेलरवर काळी लव उगवल्यासारखे कण उभे होते.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. वाळू टाकीत घालण्यापूर्वी कोरडी असताना परातीत पातळ पसरावी, एक दमदार चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवावे आणि चिकटलेले कण दुसऱ्या भांड्यावर नेऊन पिशवी उलटी करून झटकावेत. पिशवीशिवाय हा उद्योग करू नये, कारण चुंबकाला एकदा चिकटलेली ही पूड सहजी सुटत नाही. सगळे कण जाणार नाहीत, पण ज्यांच्यामुळे काच बिघडते ते बरेचसे निघतील. नंतरही तळापासून पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात चुंबक न नेता तेवढी काच प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने घासावी.

आता आपल्या शंकांविषयी. अ‍ॅरागोनाइट पीएच सांभाळते हे म्हणणे पूर्ण खोटे नाही, परंतु सागरी टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च्या दरम्यान असतो आणि त्या पाण्यात अ‍ॅरागोनाइट जवळजवळ विरघळतच नाही. ते विरघळावे यासाठी पाणी बरेच आम्लाकडे झुकावे लागते, जे फक्त जाड थराच्या आत खोलवर घडते. पीएच स्थिर ठेवणारी क्षारता आपण मिठाच्या मिश्रणातून आणि पाणीबदलातून राखतो, वाळूच्या भरवशावर सोडत नाही. लोहाचेही तसेच: मॅग्नेटाइट आठच्या वरच्या पीएचला नगण्य विरघळते. शेवाळ वाढते ते नायट्रेट आणि फॉस्फेटवर, म्हणजे आपण माशांना प्रेमाने घातलेल्या जादा खाण्यावर. पाणी तापण्याची काळजी तर सोडूनच द्यावी. एलईडी दिव्याखाली तळाचा रंग काही अंश वाढवत नाही. पाणी तापवतो तो आपला एप्रिल-मे महिना, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावल्यामुळे पंख्याने पाणी थंड ठेवण्याची युक्तीही फिकी पडते. चिलरचे पैसे बाजूला काढून ठेवावेत, वाळू काळी असो की पांढरी.

रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक, वाशी

ऐरोलीकरांनी चुंबकाचा मुद्दा चोख मांडला आहे, म्हणून मी आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांवरच लिहितो.

मेहुण्यांच्या युक्तिवादात एक गाळलेली पायरी आहे. समुद्रात असलेली प्रत्येक वस्तू समुद्री टाकीला चालते असे नव्हे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू हे प्रामुख्याने इल्मेनाइट या लोह व टिटॅनियमच्या खनिजाचे आणि मॅग्नेटाइटचे मिश्रण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांनी दख्खनचे पठार घडवले. त्याच बेसाल्टची आणि त्यावरच्या जांभ्याची झीज होऊन नद्यांनी हे जड कण किनाऱ्यावर आणले आणि लाटांनी हलकी वाळू मागे ओढून नेत जड कणांचे काळे पट्टे मागे ठेवले. म्हणजे ज्या कणांना ऐरोलीकर चुंबकाने वेचून बाहेर काढायला सांगत आहेत, नेमक्या त्यांचीच निसर्गाने तिथे रास लावली आहे. इल्मेनाइट मॅग्नेटाइटइतके चुंबकाला धावत नाही, पण आजकालच्या निओडिमियमच्या चुंबकाला तेही चिकटते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे किनारा नियमन क्षेत्रातून वाळू काढण्यास २०११ च्या आणि नंतर २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेने मनाई केलेली आहे. दोन पोत्यांना कोण विचारतो, असे मेहुणे म्हणतील. आपण मात्र म्हणू नये. जाता जाता हेही सांगतो की "पोवळ्यांचा चुरा" म्हणून कोणी काही विकू लागल्यास त्यापासूनही दूर राहावे, कारण प्रवाळखडक घडवणारी कठीण पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

आता किलोला चाळीस रुपयांच्या गोणीकडे येतो, जिची मला खरी भीती वाटते. गोड्या पाण्याच्या दुकानात काळी म्हणून मिळणारी वाळू तीन प्रकारची असू शकते. ती रंग दिलेली गारेची वाळू असेल, तर ओल्या पांढऱ्या कपड्यावर चोळल्यास किंवा उकळत्या पाण्यात ठेवल्यास रंग सोडेल. ती खरोखरच बेसाल्टची असेल, तर उत्तम. परंतु ती तांब्याच्या भट्टीतून निघालेल्या मळीची, म्हणजे कॉपर स्लॅगचीही असू शकते. लोखंडी सांगाड्यांचा गंज काढण्यासाठी यंत्राने वाळूचा मारा करतात तेव्हा ही काळी मळी सर्रास वापरली जाते, आणि आपल्या पट्ट्यात तर अशा कामाचे कारखाने भरपूर आहेत. ती स्वस्त आहे, एकसारख्या दाण्यांची आहे, देखणी काळी आहे आणि तिच्यात थोडे तांबे उरलेले असते. माशांच्या अंगावरच्या परजीवींसाठी औषध म्हणून तांबे देतात तेव्हाही त्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅमच ठेवतात आणि तेही वेगळ्या टाकीत, कारण त्याहून कितीतरी कमी तांब्यानेही कोळंबी आणि गोगलगायी मरतात. आपल्याला तर पिस्टल कोळंबीच ठेवायची आहे.

दुकानदार चुंबक लावून दाखवील आणि "बघा, काही चिकटत नाही" म्हणेल. ते पुरेसे नाही, कारण ही मळी चुंबकाला दाद देईलच असे नाही. व्हिनेगर टाकून दाखवील तर तेही पुरेसे नाही. व्हिनेगरने अ‍ॅरागोनाइट फसफसते आणि बेसाल्ट, गार, मळी ही तिन्ही सारखीच गप्प बसतात.

म्हणून घरच्या घरी घनता मोजावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि बाळाची दूध पाजण्याची बाटली, जिच्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात, एवढे पुरते. बाटलीत नेमके १०० मिलिलिटर पाणी घ्यावे. धुऊन पूर्ण वाळवलेली वाळू २०० ग्रॅम तोलून हळूहळू आत सोडावी, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत बाटली टिचकीने ठोकावी आणि पाणी कोणत्या रेघेपर्यंत चढले ते पाहावे. गारेची वाळू असेल तर पाणी साधारण १७५ पर्यंत चढेल, अ‍ॅरागोनाइटची असेल तर १६८ च्या आसपास, बेसाल्टची असेल तर त्याहून किंचित खाली. तांब्याच्या मळीची घनता साडेतीनच्या आसपास असते, म्हणून पाणी १५७ च्या जवळपास थांबेल. इल्मेनाइट असेल तर ते १४३ ही ओलांडणार नाही आणि शुद्ध मॅग्नेटाइट असेल तर १३८ वरच राहील. बाटलीवरच्या रेघा दहा-दहाच्या असल्या तरी १६८ आणि १५७ मधला फरक डोळ्यांना कळतो.

सोबत एक भिंग घेऊन दाणेही पाहावेत. लाटांनी घासलेला कण गोलसर आणि निस्तेज असतो. मळीचा कण काच फुटावी तसा टोकदार आणि चकचकीत असतो.

पाचपाखाडीचा जुना शौकीन

वरची चर्चा माहितीपूर्ण आहे, पण माझे मत वेगळे आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. सागरी टाकीत काळी वाळू घालणे म्हणजे दुखण्याची लक्षणे दिसू नयेत अशी व्यवस्था करणे होय.

पांढऱ्या वाळूच्या थरात जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि ते तिथल्या लोहाशी जुळून लोह सल्फाइडचे काळे डाग बनवते. काचेला लागून असलेल्या थरात असा करडा-काळा ढग दिसू लागला की मी समजतो, इथे घाण साचली आहे, इथला प्रवाह अडला आहे, नळी घालून एवढा भाग उपसायला हवा. माझ्या आधीच्या टाकीत एका मोठ्या दगडामागे असाच तळहाताएवढा डाग दिसला, दगड उचलला तर खाली तीन आठवड्यांपूर्वी नाहीशी झालेली गोगलगाय सापडली आणि सडक्या अंड्यासारखा वास खोलीभर पसरला. तळ काळा असता तर मला काय दिसले असते? तपकिरी शेवाळाचेही तेच आहे. कोलशेतकर ते दिसू नये म्हणून काळी वाळू मागत आहेत. मला ते दिसायला हवे असते, कारण माझ्या आरओ-डीआयच्या, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या, काडतुसातली राळ संपली आहे आणि सिलिकेट पाण्यात उतरू लागले आहे, हे पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरच्या आधी मला त्या तपकिरी थराने सांगितलेले आहे.

शिवाय काळी वाळू काळी राहत नाही. शंखांचे तुकडे, दगडावरून गळणारा चुना, जांभळ्या शेवाळाचे मेलेले पापुद्रे हे सगळे पांढरेच असते. दोन-तीन वर्षांत तो तळ काळे तीळ आणि पांढरे तीळ एकत्र सांडल्यासारखा दिसू लागतो.

नेरूळकर ताई

पाचपाखाडीच्या दादांचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. काळा डाग दिसत नाही हे खरे. मात्र तो डाग पडण्याइतका जाड थर ठेवायचाच कशाला? माझ्या टाकीत काळी मिश्र वाळू तीनच सेंटिमीटर आहे. एवढ्या थरात गोगलगायी आणि किडे सतत उकरत असतात, महिन्याकाठी मी निम्मा तळ नळीने उपसते आणि आजवर मला वास आलेला नाही. तिळाची उपमा मात्र तंतोतंत आहे. माझी वाळू आता तशीच दिसते आणि मला ती पहिल्या दिवसापेक्षा अधिक आवडते.

कोलशेतकर यांनी ज्या जोडीचे नाव घेतले आहे तीच माझ्याकडे आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. पिस्टल कोळंबी दिवसभर बीळ खणते. ती दोन्ही नांग्या पुढे धरून, बुलडोझरने ढीग लोटावा तशी, वाळूचा घास दारापर्यंत ढकलत आणते आणि गोबी दारात बसून पहारा करते. कोळंबीला जवळजवळ दिसत नसल्यामुळे ती एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते, आणि गोबीने शेपटी थरथरवली की दोघीही क्षणात आत. काळ्या तळावर पिवळी गोबी दारात बसलेली असते तेव्हा चुलीच्या तोंडाशी निखारा ठेवावा तशी दिसते, हे मी कौतुकाने नव्हे तर पांढऱ्या तळावर ती दोन वर्षे पाहिल्यानंतर सांगते आहे. पुष्कळ मासे तळ पाहून स्वतःचा रंग कमी-जास्त करतात. उजळ वाळूवर माझी गोबी फिकट लिंबाच्या सालीसारखी झाली होती.

पण या जोडीला एकसारखी बारीक वाळू चालत नाही. निव्वळ बारीक कणांचे बीळ रवा ढासळावा तसे ढासळते. अर्धा ते दोन मिलिमीटरची वाळू, त्यात मूठ-दोन मूठ जाड खडे आणि शंखांचे तुकडे हवेत, जे कोळंबी वेचून बिळाच्या भिंतीला लावते. सगळीकडे तीन सेंटिमीटर ठेवून एका मागच्या कोपऱ्यात, दगडाखाली, पाच सेंटिमीटर करावे. आणि दगड वाळूवर ठेवू नयेत. ते आधी थेट तळाच्या काचेवर पक्के बसवावेत आणि नंतर भोवतीने वाळू भरावी, नाहीतर कोळंबी दगडाखालून वाळू काढील आणि एका रात्री दगड काचेवर कलंडेल.

हिशेब असा होतो: ९० × ४५ × ३ म्हणजे १२,१५० घन सेंटिमीटर, साधारण १२ लिटर. सागरी वाळू लिटरमागे दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे १८ किलो, आणि काळा अंश जड असल्यामुळे थोडी अधिक धरावी. परदेशी पिशव्या बहुधा ९ किलोच्या असतात. दोन पुरतील, कोपऱ्यासाठी थोडी पांढरी मिसळावी. मिश्रण घ्यायचे असेल तर पिशवीवर अ‍ॅरागोनाइट लिहिले आहे का ते वाचावे. कॅरिबसीच्या "हवाईयन ब्लॅक" आणि "इंडो-पॅसिफिक ब्लॅक" या सागरी टाकीसाठीच्या अ‍ॅरागोनाइट मिश्रणांच्या पिशव्या आहेत, तर त्याच कंपनीची गडद काळी "ताहितियन मून" अ‍ॅरागोनाइटची नाही. नावांवरून हा फरक कळत नाही.

वाळू कोरडी असेल तर तांदूळ धुतो तशी थोडी थोडी धुवावी. पहिली पाच-सहा पाणी शाईची दौत विसळावी तशी निघतात. मी बाल्कनीत धुतली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर काय झाले ते इथे लिहीत नाही. आपण न्हाणीघरात धुवावी. नळाचे पाणी धुण्यापुरते चालते, शेवटचे पाणी मात्र आरओचे असावे. जी पिशवी ओली आणि जिवाणूंसह येते ती धुवायची नसते. पाणी भरताना वाळूवर एक थाळी उपडी ठेवून तिच्यावर धार सोडावी आणि पहिला दिवसभर वेव्हमेकर बंद ठेवावा, म्हणजे ऐरोलीकरांच्या इम्पेलरवर उगवलेली लव आपल्याकडे उगवणार नाही.

कोलशेतकर

सर्वांचे मनापासून आभार. सरांचा प्रयोग काल रात्री केला. बाटली शेजारच्यांच्या बाळाची होती, ती नवी घेऊन देण्याचे कबूल करून आणली.

सुट्या वाळूचे २०० ग्रॅम टाकल्यावर पाणी १५० आणि १६० च्या मधोमध, किंचित वरच्या बाजूला थांबले. खात्री नसल्यामुळे तीन वेळा केले, तिन्ही वेळा तेच. चुंबकाला जेमतेम काही कण लागले, व्हिनेगरने काहीच झाले नाही. मुलीच्या भिंगातून पाहिले तर प्रत्येक दाणा फुटलेल्या काळ्या बाटलीच्या तुकड्यासारखा दिसला. आज संध्याकाळी दुकानात जाऊन माल कुठून येतो असे विचारले; पुरवठादार आणून टाकतो यापलीकडे मालकांना सांगता आले नाही. ही तांब्याची मळीच आहे असे मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण ती माझ्या टाकीत येणार नाही. दोन किलो नमुना घेतला होता, तो आता कुंड्यांतही घालू नये असे वाटते. सरांनी यावर सांगावे.

कुर्ल्याला एका दुकानात उघडी पिशवी होती, त्यांनी चार मुठी वाळू दिली. तिच्यात पाणी १६५ च्या थोडे वर चढले, पांढरे दाणे व्हिनेगरमध्ये फसफसले, काळे नाहीत. चुंबकाला मात्र चिमूटभर पूड लगेच चिकटली.

रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक, वाशी

तीन वेळा मोजलेत हे छान केलेत. नमुना कुंडीत घालू नये आणि न्हाणीघराच्या मोरीतही लोटू नये. बांधकामाच्या सिमेंटमध्ये कोणाला वापरायचा असेल तर द्यावा, मळीचा तो नेहमीचाच उपयोग आहे. कुर्ल्याच्या नमुन्याचे आकडे अ‍ॅरागोनाइट आणि बेसाल्टच्या मिश्रणाला साजेसे आहेत. तरीही कोळंबी सोडण्यापूर्वी तीच वाळू बादलीत खाऱ्या पाण्यात दोन आठवडे ठेवून तांब्याची चाचणी करावी. घरगुती चाचणी संचाला फार सूक्ष्म प्रमाण कळत नाही, पण ठळक घोटाळा असेल तर दिसेल.

पाचपाखाडीचा जुना शौकीन

घ्या काळी. मात्र समोरच्या काचेला लागून दोन बोटे रुंदीची पट्टी पांढऱ्या वाळूची ठेवा. ती मिसळून जाईल, हे ठाऊक आहे. तोवर निदान काही दिसेल.

कोलशेतकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. बादलीतल्या पाण्यात तांब्याची चाचणी शून्य आली. दोन पिशव्या आणल्या. ऐरोलीकरांच्या पद्धतीने परातीत पसरून चुंबक फिरवायला दोन संध्याकाळी लागल्या आणि १८ किलोंतून ३१० ग्रॅम काळी पूड निघाली, जी सध्या लोणच्याच्या बरणीत आहे. मुलगी बरणीबाहेरून चुंबक फिरवून तिचे काटे उभे करत बसते. मेहुण्यांना फोन करून पोती आणू नका असे सांगितले. ते थोडे नाराज झाले, पण आंबे आणणार आहेत.

दगड काचेवर बसवले, वाळू भरली, मागच्या डाव्या कोपऱ्यात पाच सेंटिमीटर केली. पांढरी पट्टीही ठेवली आहे. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी निवळले. टाकीत उपयोगी जिवाणू रुजताहेत का हे कळावे म्हणून अमोनियाची नोंद रोज ठेवतो आहे, आज ०.५ आहे, नायट्राइट नुकतेच दिसू लागले आहे. पांढऱ्या पट्टीवर काल पहिला तपकिरी डाग आला. काळ्या भागावर तो असणारच, पण दिसत नाही.